ज्यू स्थलांतरितांच्या नव्या देशातील जीवनावर कोणता चित्रपट पाहावा?

पूर्व युरोपातून अमेरिकेत गेलेली ज्यू कुटुंबे तिथे कशी रुळली, हे दाखवणारा चित्रपट आपण विचारला आहे. मी ‘हेस्टर स्ट्रीट’ (१९७५) सुचवेन. अब्राहम काहान यांच्या ‘येकल’ या लघुकादंबरीवरून दिग्दर्शिका जोन मिकलिन सिल्व्हर यांनी तो कृष्णधवल स्वरूपात केला. मोठ्या स्टुडिओंनी पाठ फिरवल्यावर त्यांच्या पतीने स्वतः पैसा उभा केला, आणि पुढे गिट्लच्या भूमिकेसाठी कॅरल केन यांना ऑस्करचे नामांकनही मिळाले.

कथा १८९६ सालच्या न्यूयॉर्कमधील लोअर ईस्ट साइडची आहे. शिवणकामाच्या कारखान्यात राबणारा यांकल आता ‘जेक’ झाला आहे. दाढी काढून तो नृत्यवर्गातल्या मेमीच्या मागे लागला आहे. अशात त्याची बायको गिट्ल मुलाला, योसेलेला, घेऊन न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, म्हणजे स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर, उतरते. विवाहित स्त्रीने स्वतःचे केस झाकावेत या ज्यू रिवाजाप्रमाणे तिने कृत्रिम केसांचा टोप घातलेला असतो. तिला पाहताच जेकचा चेहरा उतरतो, कारण जे मागे टाकले असे तो समजत होता, तेच त्याच्यासमोर येऊन उभे राहिलेले असते. पुढे तो योसेलेचा ‘जोई’ करतो आणि धार्मिक प्रथेप्रमाणे राखलेल्या त्याच्या कानांजवळच्या बटाही कापून टाकतो.

मला हा चित्रपट मोलाचा वाटतो तो गिट्लमुळे. सुरुवातीला ती बुजरी, गोंधळलेली दिसते. पण घटस्फोटासाठी मेमीच्या बचतीतून पैसे देऊ करणारा वकील समोर बसतो, तेव्हा ती फारसे बोलतच नाही आणि तिच्या गप्प बसण्यानेच आकडा चढत चढत तीनशे डॉलरांपर्यंत जातो. त्यानंतर रब्बींसमोर, म्हणजे ज्यू धर्मगुरूंसमोर, ‘गेट’, म्हणजे घटस्फोटाचा लेख, तिच्या पसरलेल्या ओंजळीत टाकला जातो. हा विधी दिग्दर्शिकेने घाई न करता, सगळ्या बारकाव्यांसह दाखवला आहे, आणि माझ्या मते संपूर्ण चित्रपटात यापेक्षा प्रभावी दुसरे दृश्य नाही. त्याच पैशांतून गिट्ल त्यांच्या घरी भाडेकरू म्हणून राहणाऱ्या विद्वान बर्नस्टाइनसोबत दुकान थाटण्याचा विचार करते. जेक मात्र एका संसारातून सुटून लगेच दुसऱ्यात अडकतो, तोही मेमीची पुंजी संपवून.

संवाद बरेचसे यिडिश या पूर्व युरोपातील ज्यूंच्या भाषेत आहेत, त्यामुळे तो उपशीर्षकांसह मूळ स्वरूपातच पाहावा. जेक यिडिश सोडून मोडक्यातोडक्या इंग्रजीवर कधी येतो आणि समोर कोण असताना येतो, याकडे कान ठेवा.