ऑफिसात नवीन कॉम्प्युटर घेतलास ना, मग हे आधी कर

अक्कलकोट रोडला टॉवेलचं ऑफिस टाकलंस, लई भारी वाटलं बघ. पण वायफाय लावून लगेच बिलं काढायला बसू नको, आधी राउटर बघ की. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या अॅडमिनचा वेगळा असतो, बरेच जण पहिला तेवढा बदलतात आणि दुसरा कंपनीतून आला तसाच ठेवतात, मग वायफायवर आलेला कोणीपण आत जाऊन सेटिंग बदलू शकतो. दोन्ही बदल, वायफायच्या सुरक्षेचं सेटिंग डब्ल्यूपीए२ नाहीतर ३ ठेव, येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांचं वायफाय, वेगळं काढ.

मशीन सेकंडहँड असेल तर विंडोज १० आहे का बघ, त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे फुकट अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. ११ चालत असेल तर टाकून घे. (हिशोबाला टॅली लागतं, ते विंडोजवरचं, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टीम टाक असं सांगत नाही, नाहीतर मी तेच सांगितलं असतं.)

आणि बॅकअप! माझी तीन वर्षांची खाती रॅन्समवेअरनं, म्हणजे फायली लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसनं, लॉक झाली होती कारण बॅकअपची हार्डडिस्क कायम जोडलेलीच असायची, तीपण गेली. रात्री रडायची पाळी आली होती खरंच. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात ठेव.

कामगारांच्या आधारचे फोटो व्हॉट्सॅपवर फिरवू नको, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा मला तरी गरजेचाच वाटतो, लोकांनी विश्वासानं दिलेली कागदं आहेत ती.

पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, कोणी मागितला तर फोन ठेव, पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लाव.