विलोच्या झुडपांशी पहिली ओळख

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ‘कावुनीची’ नावाच्या खोऱ्यात विलो बघायला जाताय, छान! विलो म्हणजे आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाचीच भावंडं, फक्त तिथे बहुतेक झुडपंच.

जात ओळखायची घाई नको. सगळे नवखे तिथेच अडकतात. नर आणि मादी फुलोरे वेगवेगळ्या झुडपांवर येतात, त्यामुळे एकच जात दोन वाटते. आधी हे बघा:

- जमीन किती ओली? पायथ्याशी लव्हाळे आहेत की कोरडं गवत?
- बीव्हरचा (ओढ्यावर फांद्या-चिखलाचा बांध घालणारा कुरतडणारा प्राणी) बांध शाबूत आहे का? तो मोडला की भूजल खाली जातं आणि विलो वाळू लागतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच.
- शेंडे खुडलेत का? एल्क आणि मूस (दोन्ही मोठी हरणं) चरतात तिथे झुडूप बुटकंच राहतं. त्याला कोवळं समजू नका.

पानाची खालची बाजू, फांदीवरचा निळसर पांढरा थर एवढं टिपून ठेवा. बाकी नंतर सांगेन. दाटीत मूस दिसला, तर लांबूनच मागे फिरा.