वाचकांचे प्रश्न : हात धुणं संपतच नाही

प्रश्न : पत्नी 36 वर्षांची. तीन वर्षांपासून तिचं हात धुणं वाढतच चाललंय, एकेका वेळी वीस मिनिटं. दुधाची पिशवीसुद्धा साबणाने धुते. बाहेरून आलो की मला आणि मुलाला थेट न्हाणीघरात पाठवते. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, टाकी दुपारीच रिकामी. भांडण नको म्हणून आम्ही तिचं ऐकतो. आई म्हणते, सोवळंच आहे, चालायचंच. काय करावं?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आधी आईंच्या म्हणण्याबद्दल. सोवळ्याला सीमा असते. पूजा आटोपली की ते सुटतं आणि मनाला समाधान मिळतं. इथे धुऊन झाल्यावरही ‘नक्की झालं ना?’ ही रुखरुख उरते. यात रोज तासाहून जास्त वेळ जात असेल, तर तो मंत्रचळ. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. हे अती होतंय हे बहुधा तिलाही कळत असतं, पण थांबता येत नाही. तिला रागावू नका.

भीती वाटली, धुतलं, घटकाभर बरं वाटलं. मेंदू यातून एवढंच शिकतो की धुतलं म्हणून वाचलो. तिच्या सांगण्यावरून तुम्ही अंघोळ करता, तेव्हा घरातले सगळे मिळून हाच धडा गिरवतात. तुमच्या पत्रातली हीच गोष्ट आम्हाला सर्वांत काळजीची वाटली.

यावरच्या उपचारात भीतीच्या गोष्टीला हात लावायचा आणि धुणं रोखायचं, तेही पायरीपायरीने. मानसतज्ज्ञ तिच्याकडूनच प्रत्येक गोष्टीला भीतीचे 0 ते 100 गुण देऊन घेतात. समजा, दाराची कडी 30, दुधाची पिशवी 50, बाहेरची चप्पल 90. सुरुवात कडीपासून. ती जमली की पिशवी : न धुता हातात धरायची, दूध पातेल्यात ओतायचं आणि हात कोरडेच ठेवून बसायचं. दर पाच मिनिटांनी भीतीचा आकडा वहीत लिहायचा. तो आधी चढतो, मग बहुतेकदा हळूहळू उतरतो. एखाद्या दिवशी नाही उतरला, तरी ‘हे सोसता येतं’ एवढं ती शिकतेच. हे रोज करावं लागतं. आठवड्यातून एकदा करून उपयोग नाही.

बिघडतं कुठे? हळूच पदराला हात पुसले जातात, सॅनिटायझर लावलं जातं, किंवा ‘काही होणार नाही ना?’ असं तुम्हाला विचारलं जातं. हेही धुणंच, फक्त दुसऱ्या दाराने आलेलं. त्यावर ‘काही होत नाही गं’ म्हणू नका. ‘हा प्रश्न मंत्रचळाचा आहे, मी शेजारी बसतो’ म्हणा. मात्र असं म्हणायचं हे तिच्याशी आधी ठरवून घ्या. सगळं एकदम बंद करू नका. या आठवड्यात फक्त मुलाची अंघोळ थांबवा : चप्पल बाहेर, जेवणाआधी साबणाने 20 सेकंद हात, मनगटापर्यंत, एकदाच. आणि टाकीचा व्हॉल्व्ह फिरवून तिला अडवू नका, त्याने फक्त विश्वास तुटेल.

त्रास एवढा वाढलाय तेव्हा औषधाचंही डॉक्टरांशी बोला. नैराश्यात फ्लुओक्सेटिन बहुधा 20 मिलिग्रॅमवर भागतं, मंत्रचळात पुष्कळदा 40 ते 60 लागतात आणि परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे. लोक तिसऱ्या आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून गोळी सोडतात, तिथेच फसतात. बरं वाटल्यावरही साधारण वर्षभर चालू ठेवतात, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. इंदुरात बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.

प्रश्न : देवापुढे हात जोडले की मनात घाणेरड्या शिव्या येतात. मग 21 वेळा स्तोत्र म्हणतो, चुकलं की पहिल्यापासून. अभ्यास होत नाही. मी पापी आहे का?
– विद्यार्थी, भंवरकुआं

उत्तर : नाही. हाही मंत्रचळच. देवावर तुमची श्रद्धा आहे म्हणूनच या शिव्या तुम्हाला एवढ्या टोचतात. विचार येणं म्हणजे तशी इच्छा असणं नव्हे. तुमची 21 आवर्तनं हे मनातल्या मनात हात धुणंच आहे. ‘पाप लागलं का?’ असं घरी पुन्हा पुन्हा विचारणंही तेच. मानसतज्ज्ञांना भेटा, त्यांना शिव्यांसकट सगळं सांगा. असे विचार ते रोज ऐकतात. तोवर स्तोत्र एकदाच म्हणा. मध्येच शिवी आली तर तिच्याशी वाद घालू नका, अडखळलात तर तसंच पुढची ओळ घ्या.