बायबलातला स्वर्ग नेमका कुठे?

प्रश्न : बायबलात स्वर्ग म्हणजे मेल्यावर जायची जागाच ना?
– एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : दरवेळी नाही. हिब्रू ‘शामायिम’ हा एकच शब्द आभाळालाही लागतो आणि देवाच्या निवासालाही. मराठीत संदर्भ पाहून ‘आकाश’ किंवा ‘स्वर्ग’ होतो. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (11:17) देव आकाश बंद करतो, म्हणजे पाऊसच थांबतो. कपाशी पेरून वर बघत बसलेल्याला हे फोडून सांगायला नको! येशूचं चरित्र लिहिणारा मत्तय ‘स्वर्गाचे राज्य’ लिहितो, तिथे मार्क-लूक हे दुसरे चरित्रकार ‘देवाचे राज्य’ म्हणतात. अर्थ जागेचा नाही, देवाच्या सत्तेचा. खरा घोटाळा आपल्या शब्दाने होतो : पुण्य सरलं की परत यायचा स्वर्ग तो हा नव्हे. आणि बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण 21 मध्ये तर माणसं वर जात नाहीत, पवित्र नगरीच खाली उतरते.