संताला हाक मारली, आता देव रागावेल का?

घरात ल्युथरन (मार्टिन ल्युथरच्या शिकवणीवर चालणारे प्रोटेस्टंट) आणि कॅथलिक अशी दोन्ही माणसं असली की हा प्रश्न हमखास निघतो. स्वर्गातल्या संतांना ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणावं का? म्हटलं असेल तर पाप लागतं का?

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका अक्कांचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. माहेर गुंटूरकडचं, ल्युथरन, सासर कॅथलिक. मुलाला डेंग्यू झाला, प्लेटलेट उतरत गेल्या, तेव्हा नणंदेनं दिलेल्या संत अंतोनीच्या चित्रापुढे त्यांनी रात्रभर विनवण्या केल्या. पोरगा बरा झाला आणि अक्कांची झोप उडाली. “मॅडम, मी देवाला सोडून दुसऱ्याला हाक मारली. तो आता पोरावर राग काढेल.” बोटाला गुंडाळलेला पांढरा दोरा त्या सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

लेकराच्या अंगावर हिशेब चुकता करणारा देव आपला नाही, हे मी आधी सांगितलं. मग त्यांच्याच मंडळीची, म्हणजे ल्युथरन चर्चची शिकवण काढली. १५३० चा ऑग्सबर्ग विश्वासांगीकार म्हणजे ल्युथरन विश्वासाचं मूळ निवेदन. त्याचं २१ वं कलम म्हणतं, संतांची आठवण ठेवा, त्यांचा विश्वास गिरवा. पण त्यांचा धावा करायला शास्त्र शिकवत नाही, कारण मध्यस्थ एकच, ख्रिस्त. या अंगीकाराच्या समर्थनात ल्युथरचा सहकारी मेलांख्थोननं पुढे हेही मान्य केलं की स्वर्गातले संत मंडळीसाठी प्रार्थना करत असतील. तरी त्यांना हाक मारा अशी आज्ञा नाही, ते ऐकतात असं वचनही नाही. आणि १५०५ मध्ये वादळात वीज पडली तेव्हा तरुण ल्युथरच्या तोंडून संत ॲनाचाच धावा निघाला होता. हे ऐकून अक्कांनी मान वर केली.

“देवाला थेट का नाही सांगितलं?” मी विचारलं.

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी कुठली एवढी चांगली? चर्चला नीट जाणं होत नाही. अंतोनीचं तिथं वजन असणार. कचेरीत तरी ओळखीशिवाय कागद हलतो का?”

खरं दुखणं हे होतं. आपल्याला वशिला लागतो असं मनात बसलेलं माणूस संत बंद केले तरी दुसरा कुणी शोधतं. म्हणून बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय आम्ही सावकाश वाचला. ख्रिस्त देवाच्या उजवीकडे आहे आणि आपल्यासाठी विनंती करतो आहे. प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तिथे पवित्र आत्मा आपली बाजू मांडतो. “म्हणजे माझ्यासाठी आधीच बोलणं चाललंय?” त्यांनी विचारलं, आणि डोळे भरून आले. मशीनवर बसल्या बसल्या तेलुगूत, स्वतःच्या शब्दांत रोज दोन वाक्यं बोलायची, एवढंच मी सुचवलं.

जाताना त्यांनी विचारलं, “नणंदेला हे सगळं सांगू का?” मी नको म्हटलं. कॅथलिक माणूस संताची पूजा करत नाही, त्याच्याकडे प्रार्थना मागतं. तिच्या मायेवर घाव घालू नका. आपलं मत तिनं विचारलं तर सांगा. तोवर तिला शेजारी बसवा आणि पोरासाठी प्रार्थना कर म्हणा. हयात माणसांकडे तर प्रेषित पौलसुद्धा प्रार्थना मागायचा.