सीनेचा डोह आटण्याआधीच तुमचा परवाना संपला होता

मोहोळ तालुक्यातून, सीना नदीच्या काठावरून आलेले पत्र समोर आहे. आठ एकर जमीन, आजोबांनी बांधून काढलेली विहीर, आणि डोहावर बसवलेली साडेसात एचपीची मोटर. तीन वर्षांपूर्वी वरच्या अंगाच्या शेजाऱ्याने पात्राच्या कडेलाच मोठी विहीर घेतली आणि तिच्या शेजारी दोन बोअर पाडले. आता फेब्रुवारी सरता सरता डोह तळाला जातो, विहिरीचे पाणीही पायऱ्या सोडून खाली जाते. प्रश्न असा : 'आमची चाळीस वर्षांची वहिवाट आहे. त्याचा उपसा कोर्टातून बंद करून मिळेल का?' माण नदीकाठच्या सांगोल्यापासून भीमाकाठच्या मंगळवेढ्यापर्यंत दर उन्हाळ्यात अशीच पत्रे येतात. गटनंबर वेगळे, प्रश्न हाच.

बेसुमार उपशाने काय होते हे तुम्हाला सांगायला नको. मला बोलायचे आहे ते तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर कंसात टाकलेल्या एका वाक्याबद्दल : 'उपसा परवान्याची मुदत 2017 ला संपली, नूतनीकरण राहून गेले.' तुमची सगळी केस या कंसात आहे.

आधी विहिरीचे बघू, कारण तुमचा सगळा भर तिच्यावर आहे. वीस वर्षांच्या वहिवाटीने हक्क मिळतो तो 1882 च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम 15 खाली. पण त्याच कायद्याच्या कलम 17 चा शेवटचा खंड सांगतो की निश्चित प्रवाहात न वाहणाऱ्या भूगर्भातील पाण्यावर वहिवाटीने हक्क मिळवताच येत नाही. चाळीस वर्षे काय, शंभर वर्षे उपसा केला तरी नाही. शिवाय कलम 7 च्या उदाहरणांत प्रत्येक जमीनमालकाला आपल्या हद्दीतले असे झिरपते पाणी गोळा करायची मुभा दिलेली आहे. म्हणजे 'त्याच्या बोअरने माझी विहीर आटली' एवढ्या एका वाक्यावर दिवाणी दावा टिकणे फार कठीण.

हा विचार जुना आहे. 1859 साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर चेसमोर विरुद्ध रिचर्ड्स हा खटला होता. वाँडल नदीवरची गिरणी साठ वर्षांहून अधिक काळ नदीच्या पाण्यावर चालत होती. क्रॉयडन गावच्या मंडळाने पाणीपुरवठ्यासाठी खोल विहीर खोदली आणि जे पाणी झिरपत नदीला मिळाले असते ते वाटेतच उचलले. गिरणीवाला हरला. आपल्या काळ्या पाषाणात आणि मुरमात नदी आणि भूजल वेगळे नसतात, उन्हाळ्यात नदी वाहते तीच मुळी काठच्या पाझरावर, हे इथला कोणताही शेतकरी जाणतो. कायद्याने मात्र ही दोन पाणी वेगळ्या कप्प्यांत ठेवली, आणि त्याची झळ तुम्हाला बसते आहे. मला हे योग्य वाटत नाही, पण सल्ला आहे त्या कायद्यावरच द्यावा लागतो.

म्हणून विहीर बाजूला ठेवा आणि नदी धरा. नदीकाठच्या मालकाचा नदीच्या पाण्यावरचा हक्क नैसर्गिक आहे. कलम 7 त्यालाही मान्यता देते आणि त्यासाठी वीस वर्षांची वहिवाट लागत नाही. पिण्यासाठी, घरासाठी, जनावरांसाठी, आणि काठच्या दुसऱ्या मालकांचे मोठे नुकसान न करता शेतीसाठीही पाणी घेता येते. नदीला मिळण्याआधीचे पाणी शेजारी अडवत असेल तर त्याला रोखणे अवघड. पण पात्रात आलेले पाणी तो जमिनीखालून ओढून घेत असेल तर गोष्ट बदलते. 1871 च्या ग्रँड जंक्शन कालव्याच्या खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने नेमके हेच म्हटले होते : पात्रातल्या पाण्याला हात लावल्याशिवाय भूगर्भातले पाणी मिळत नसेल, तर ते घेताच येणार नाही. हे निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाहीत, पण युक्तिवादाला त्यांचा आधार घेता येतो.

तेव्हा सिद्ध काय करायचे, तर शेजाऱ्याच्या विहिरीतले पाणी नदीचे आहे हे. मागे एका प्रकरणात मी स्वतः अशा विहिरीत उतरलो होतो. सातबाऱ्यावर 'विहीर' अशी साधी नोंद. आत नदीकडच्या भिंतीत, तळापासून चारेक फुटांवर, सहा इंची पाइपचे तोंड आणि त्याला बांधलेले बारदान. पाइपचे दुसरे टोक डोहात. ती विहीर नव्हतीच, परवान्याशिवाय केलेली जॅकवेल, म्हणजे नदीचे पाणी आत घेऊन उपसायची विहीर होती. तुमच्या शेजाऱ्याने असा पाइप टाकला किंवा चर काढला असेल तर भूजलाचा प्रश्नच संपतो, तो नदीचा विनापरवाना उपसा ठरतो. तसे काही नसेल तर उजनी धरणाचे पाणी जोडकालव्याने सीनेत सोडतात त्या दिवसांवर नजर ठेवा. आवर्तन येण्याआधी आणि आल्यावर रोज सकाळी नदीची पातळी बंधाऱ्याच्या खांबावर बघा, तुमच्या विहिरीची दोरीने मोजा, आणि तारखेनिशी वहीत लिहा. त्याच्या विहिरीचे पाणी नदीबरोबर चढते-उतरते का, हे बांधावरून जेवढे दिसेल तेवढेही टिपा. त्याच्या हद्दीत मात्र पाऊल टाकू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी जिल्हाभर आहेत. तुमच्या भागातल्या विहिरीच्या गेल्या दहा वर्षांच्या पातळ्या माहिती अधिकारात मागा.

आता त्या कंसाकडे येतो. सुविधाधिकार कायद्याच्या कलम 2 ने नद्यांच्या पाण्याचे नियमन आणि वाटप करण्याचा शासनाचा अधिकार शाबूत ठेवला आहे, आणि महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, 1976 खाली जलसंपदा विभाग तो वापरतो. शेतीसाठी नदीतून मोटरीने पाणी घ्यायचे तर परवाना हवा, पाणीपट्टी भरलेली हवी. तुमचा परवाना संपून इतकी वर्षे झाली, आणि मोटर तर चालूच आहे. उद्या तुम्ही शेजाऱ्याविरुद्ध अर्ज दिलात तर शाखा अभियंता पंचनाम्याला येईल आणि पहिली नोंद तुमच्या मोटरीची होईल. कोर्टात समोरचा वकील पहिल्याच तारखेला विचारेल : 'वादीचा स्वतःचा उपसा कोणत्या परवान्याखाली चालू आहे?' याला उत्तर नसेल तर तात्पुरता मनाईहुकूम मिळण्याची आशा मी तरी ठेवणार नाही. पिण्याच्या आणि जनावरांच्या पाण्यापुरता तुमचा हक्क राहतो असे म्हणता येईल, पण आठ एकर उसाचे पाणी त्यातून निघणार नाही.

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नूतनीकरणाचा अर्ज तेव्हाच दिला असता तर आज तुम्ही तक्रारदार असता. आज तुम्ही आणि शेजारी एकाच बाकावर बसलेले आहात. बैलजोडीचा विमा वेळेवर भरणारी माणसे पाण्याचा कागद ट्रंकेत ठेवून विसरतात, हे मी वर्षानुवर्षे बघतो आहे, आणि दर वेळी जीव तुटतो.

म्हणून क्रम असा ठेवा. शेजाऱ्याला नोटीस नंतर. आधी शाखा कार्यालयातून थकबाकीचा लेखी हिशेब घ्या, ती भरा, पावती घ्या आणि नूतनीकरणाचा अर्ज पोच घेऊन द्या. जुना परवाना, वीजजोडणीच्या तारखेचा दाखला आणि गाव नमुना 12 वरच्या पीक पाहणीच्या नोंदी जोडा. सिंचनाचे साधन म्हणून नदी लागली आहे की विहीर, ते नीट वाचा. बऱ्याच जणांच्या पाहणीत वर्षानुवर्षे 'विहीर' असते, आणि मग नदीचा हक्क सांगताना तोंड उघडायला जागा राहत नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर मी थोडे जपून बोलेन. शेजाऱ्याचे बोअर 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे 200 फुटांपेक्षा खोल असतील तर 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमातले खोल विहिरींवरचे निर्बंध उपयोगी पडू शकतात. पण तो कायदा लागूच झाला 2014 मध्ये, त्याच्या नियमांचा मसुदा आला 2018 मध्ये, त्यामुळे त्यावर एकट्यावर विसंबू नका. गावची नळयोजनेची विहीर त्याच्या बोअरपासून 500 मीटरच्या आत असेल तर ग्रामपंचायतीला पुढे करा. पिण्याच्या पाण्यासाठीच्या 1993 च्या भूजल कायद्यापासून पिण्याच्या सार्वजनिक स्रोताभोवतीचे हे अंतर सरकारदरबारी ओळखीचे आहे, आणि पिण्याच्या पाण्याचा अर्ज तुमच्या उसाच्या अर्जापेक्षा लवकर हलतो. खोऱ्यातले भूजल हे कृष्णेचेच पाणी धरतात असा कृष्णा लवादाचा, म्हणजे कृष्णेचे पाणी राज्यांत वाटणाऱ्या बच्छावत लवादाचा जो मजकूर तुम्हाला कोणी फॉरवर्ड केला आहे, तो दाव्यात घालू नका. त्या लवादाने उलटच सांगितले आहे : खोऱ्यातले भूजल राज्यांनी वापरले तर ते कृष्णेच्या पाण्याच्या वापरात धरायचे नाही. खासगी हक्कांना त्याने हात लावलेला नाही, पण तुमच्या मदतीलाही तो येत नाही.

आणि वेळ सांभाळा. शासनाला पक्षकार करायचे तर दोन महिन्यांची नोटीस आधी लागते. तातडी दाखवून सूट मागता येते, पण तीन वर्षे गप्प बसलेल्याची तातडी न्यायाधीशांना पटवणे सोपे नाही. माझ्या एका पक्षकाराचा दावा फेब्रुवारीत दाखल झाला, मेमध्ये सुट्टी लागली, आणि जागेची पाहणी करायला कोर्टाने नेमलेला कमिशनर आला तो जुलैत, पाऊस पडून गेल्यावर. दोन्ही विहिरी भरलेल्या. त्याने प्रामाणिकपणे तेच लिहिले, 'पाणी मुबलक आहे', आणि तो अहवाल आजही आमच्या विरुद्ध वाचला जातो. दावा करायचाच असेल तर नोटीस दिवाळीच्या सुमारास जायला हवी आणि कमिशनरचा अर्ज दाव्याबरोबरच, म्हणजे तो मार्चच्या आत कोरड्या डोहावर उभा राहील. परवान्याच्या अर्जाची पोच तोपर्यंत हातात नसेल, तर या वर्षी दावा करू नका.