मोरचुदाने मरणारे शेवाळ खाणीच्या पाण्यात कसे जगते?

प्रश्न : तलावातील शेवाळ नष्ट करण्यासाठी मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, वापरतात, यावरून तांबे शेवाळाला मारक आहे असे दिसते. मात्र तांब्याच्या खाणींतून झिरपणाऱ्या आम्लधर्मी पाण्यातही हिरवे शेवाळ वाढते, असे वाचनात आले. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मोरचुदाच्या या वापराची शिफारस अमेरिकेच्या कृषी खात्यातील मूर आणि केलरमन यांनी १९०४ साली केली होती, आणि तो वापर आजही चालू आहे. तथापि तांबे हे शेवाळाला निव्वळ विष नव्हे. प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या प्लास्टोसायनिन या प्रथिनात तांब्याचा अणू असतो, त्यामुळे थोडे तांबे पेशीला हवेच असते. घात करतात ते कशाशीही न बांधलेले तांब्याचे मोकळे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू. ते प्रथिनांतील गंधकाला चिकटतात, हरितद्रव्याच्या केंद्रातील मॅग्नेशियमची जागा बळकावून ते निकामी करतात आणि ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे निर्माण करून पेशीतील पटलांची नासधूस करतात. धातू सहन करणारे शेवाळ धातूला बधिर झालेले नसते. हे मोकळे आयन पेशीत हिंडू नयेत याची तजवीज त्याने केलेली असते.

स्पेनच्या नैर्ऋत्येला वाहणारी रिओ टिंटो ही नदी याचे ठळक उदाहरण आहे. पायराइटसारख्या खनिजांवर जीवाणूंची क्रिया होऊन तिथे गंधकाम्ल तयार होते. पाण्याचा सामू (पीएच) दोनच्या आसपास, म्हणजे तीव्र आम्लधर्मी, राहतो आणि विरघळलेल्या लोहामुळे पाणी तांबडेलाल दिसते. त्यात तांबे आणि जस्तही भरपूर असते. अशा प्रवाहात क्लॅमिडोमोनास, युग्लेना आणि काही डायटम (सिलिकाचे कवच असलेली एकपेशीय शेवाळे) नांदतात, एवढेच नव्हे तर दगडांवर हिरव्या तंतूंचे थरच्या थर साचतात. इथे आम्लाची भूमिका दुहेरी आहे. आम्लामुळे धातू अधिक प्रमाणात विरघळतात हे खरे. परंतु त्याच आम्लातील हायड्रोजन आयन पेशीच्या पृष्ठभागावरील जागांसाठी धातूच्या आयनांशी स्पर्धा करतात, त्यामुळे पेशीत शिरणाऱ्या धातूला काही प्रमाणात अटकाव होतो. म्हणून पाण्यात किती धातू आहे, एवढ्या आकड्यावरून ते पाणी शेवाळाला किती घातक ठरेल हे सांगता येत नाही. अर्थात आत शिरणारे हायड्रोजन आयन सतत बाहेर ढकलावे लागतात, आणि त्यासाठी पेशीला बरीच ऊर्जा खर्चावी लागते.

तरीही जो धातू आत येतो त्याचा बंदोबस्त करण्याचे अनेक मार्ग आहेत. त्यांपैकी सर्वांत नेटका मार्ग फायटोकेलॅटिनचा, असे माझे मत आहे. ग्लुटाथिओन या पेशीत नेहमीच असणाऱ्या लहान रेणूचे तुकडे जोडून एक विकर (एन्झाइम) फायटोकेलॅटिनची साखळी तयार करते, आणि त्या विकराला चालना मिळते ती धातूच्याच उपस्थितीमुळे. विशेषतः कॅडमियम आत आले की हे काम जोरात सुरू होते. साखळीतील गंधकाचे अणू धातूला चिमट्यात धरल्यासारखे पकडतात आणि पुढे ही जोडगोळी रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील साठवणीच्या पिशवीत, बंदिस्त केली जाते. काही शेवाळे पॉलिफॉस्फेटच्या (फॉस्फेटच्या लांब साखळ्यांच्या) कणांतही धातू साठवतात; काहींच्या पेशीपटलावर धातू परत बाहेर फेकणारे पंप असतात.

ही क्षमता येते कोठून, याची निदान दोन उत्तरे आहेत. जहाजांच्या बुडाला शेवाळ धरू नये म्हणून तांबेयुक्त रंग लावतात. तरीही तिथे वाढणाऱ्या एक्टोकार्पस या तपकिरी शेवाळाचे वाण स्वच्छ किनाऱ्यावरील वाणांपेक्षा कितीतरी अधिक तांबे सोसतात, असे १९७० साली दाखवून देण्यात आले. ही नैसर्गिक निवड झाली. दुसरे उत्तर अधिक विस्मयकारक आहे. उष्ण, आम्लधर्मी झऱ्यांत ५६ अंश सेल्सिअसपर्यंत तग धरणाऱ्या गाल्डिएरिया सल्फ्युरारिया या लाल शेवाळाचा जनुकसंच २०१३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील अनेक जनुके जीवाणू आणि आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) यांच्याकडून आल्याचे आढळले. आर्सेनिक बाहेर काढणारा पंप आणि पाऱ्याच्या आयनाचे मूलद्रव्यरूपी पाऱ्यात रूपांतर करणारे विकर ही त्यांतलीच. असा पारा बाष्परूपाने पेशीबाहेर निघून जातो.

प्रश्न : मग असे शेवाळ वाढवून दूषित पाणी शुद्ध करता येईल का?

उत्तर : काही अंशी येईल. त्यासाठी शेवाळ जिवंत असलेच पाहिजे असे नाही. तपकिरी सागरी शेवाळांच्या पेशीभित्तिकेतील अल्जिनेट हा चिकट पदार्थ वाळवलेल्या शेवाळातही धातू धरून ठेवते, आणि सौम्य आम्लाने धुऊन तो धातू परत मिळवता येतो. मात्र शेवाळ धातू नष्ट करत नाही, केवळ त्याची जागा बदलते. धातूने भरलेले शेवाळ पाण्यातच राहू दिले तर ते खाणाऱ्या प्राण्यांकडे धातू पोहोचतो, म्हणून ते वेळेवर काढून त्याची विल्हेवाट लावणे हा या पद्धतीचा अविभाज्य भाग आहे.

प्रश्न : कॅडमियमसारख्या विषारी धातूचा शेवाळाला कधी उपयोग होतो का?

उत्तर : होतो, निदान एका ज्ञात उदाहरणात. थॅलासिओसिरा वाइसफ्लॉजी या सागरी डायटमला जस्त अपुरे पडले, तर कार्बन डायऑक्साइड मिळवण्यासाठी लागणाऱ्या कार्बोनिक अॅनहायड्रेज या विकरात तो जस्ताऐवजी कॅडमियम वापरतो. खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावर जस्त अत्यल्प असल्याने ही सोय त्याच्या कामी येते.